गिअर पडेनासा झाला, आता काय? सातारा-सांगलीतल्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांचा आढावा

प्रश्न आला कुठून

फेब्रुवारी २०१४ मध्ये ऑटो एक्स्पोत मारुती सुझुकीने सेलेरिओ आणली आणि तिच्यासोबत ‘ऑटो गिअर शिफ्ट’ हे नाव छोट्या गाड्यांच्या बाजारात आले. त्याआधी छोट्या गाडीत ऑटोमॅटिक मिळतच नव्हती असे नाही. झेन, सँट्रो, आय टेन, ए-स्टार यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या येऊन गेल्या होत्या. पण त्या मॅन्युअलपेक्षा बऱ्याच महाग पडत आणि पेट्रोलही जास्त खात, म्हणून बेतानेच खपल्या. सेलेरिओने किमतीतला हा फरक काही हजारांवर आणला. पाठोपाठ २०१५ मध्ये टाटांनी नॅनोत आणि २०१६ मध्ये रेनोने क्विडमध्ये हीच पद्धत वापरली. क्लच दाबून गुडघा दुखणारे, निवृत्तीनंतर पहिली गाडी घेणारे, उशिरा ड्रायव्हिंग शिकलेले अशा कितीतरी लोकांना गाडी चालवणे सोपे झाले. एमएच-११, एमएच-५० आणि एमएच-१० पासिंगमध्येही अशा गाड्या दिसू लागल्या.

त्या पहिल्या पिढीच्या गाड्या आता दहा-बारा वर्षांच्या झाल्या आहेत. कंपनीची वॉरंटी कधीच संपली, वाढीव वॉरंटीही संपली, आणि बऱ्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. अशा गाडीचा गिअरबॉक्स बिघडला की मालकाला तीन तऱ्हेचे सल्ले मिळतात. सर्व्हिस सेंटर म्हणते, असेम्ब्ली बदला. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, खोलून बघू. शेजारी म्हणतो, येईल त्या किमतीला विकून टाका. तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर ठरू शकतात. पण बहुतेक वेळा ते नेमके काय बिघडले आहे हे कळण्याआधीच दिले जातात, आणि वादाची खरी गाठ तिथे आहे.

एक नाव, चार यंत्रे

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रे येतात. पहिले म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचे. जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ या नावाने १९४० च्या मॉडेलांत स्वयंचलित गिअरबॉक्स आणला, त्या घराण्यातले हे यंत्र. यात इंजिन आणि गिअर यांच्यामधला दुवा तेलाचा असतो, आणि गिअर बदलण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लच पॅककडे असते. झेन, सँट्रो, आय टेन, ए-स्टार, रिट्झ यांच्या ऑटोमॅटिक या जातीच्या. दुसरे यंत्र सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतातच. दोन कप्प्यांमधून फिरणारा पोलादी पट्टा गुणोत्तर सलग बदलत राहतो. होंडा आणि निसानच्या बऱ्याच गाड्यांत हे आहे. तिसरे ड्युअल क्लच, म्हणजे फोक्सवॅगनचे डीएसजी किंवा फोर्डचे पॉवरशिफ्ट. चौथे एएमटी, म्हणजे सेलेरिओतली ‘ऑटो गिअर शिफ्ट’ पद्धत, आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांत सर्वांत जास्त आढळणारी.

एएमटी मुळात नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. क्लच प्लेट तीच, प्रेशर प्लेट तीच, रिलीज बेअरिंगही तेच. फरक एवढाच की पायाने क्लच दाबण्याचे आणि हाताने गिअर टाकण्याचे काम ॲक्च्युएटर करतो. सेलेरिओत हा ॲक्च्युएटर मॅग्नेटी मारेली या कंपनीचा होता. विजेची मोटर तेलाचा दाब तयार करते, सोलेनॉइड तो दाब हवा तिथे सोडतात, सेन्सर गिअरची जागा कळवतात आणि संगणक या सगळ्यांना हुकूम देतो. म्हणून एएमटी गाडीत ‘गिअर पडत नाही’ या तक्रारीमागे झिजलेली क्लच प्लेट, थकलेली पंपमोटर, गळणारे तेल, चुकीची माहिती देणारा सेन्सर, एवढेच काय, उतरलेली बॅटरीही असू शकते. खर्चाच्या दृष्टीने या कारणांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्लच प्लेट बदलणे साताऱ्यातल्या कोणत्याही चांगल्या गॅरेजमध्ये होणारे काम आहे. सीव्हीटीचा पट्टा आणि त्याच्या कप्प्या झिजल्या, तर बहुतेक ठिकाणी अख्खी असेम्ब्लीच बदलावी लागते.

जगभरच्या तक्रारी पाहिल्या तरी प्रत्येक यंत्राचा आजार वेगळा दिसतो. निसानने अमेरिकेत २००३ ते २०१० च्या मॉडेलांतल्या सीव्हीटीची वॉरंटी १० वर्षे किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवली. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये सात गिअरच्या डीएसजीतले तेल बदलण्यासाठी जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. ऑस्ट्रेलियात पॉवरशिफ्टच्या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल तिथल्या न्यायालयाने २०१८ मध्ये फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्यामुळे ‘ऑटोमॅटिक टिकत नाही’ हे सरसकट विधान पुराव्याला धरून नाही. कोणते यंत्र, कोणत्या सालचे आणि कशा वापरातले, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

घाट आणि पूर

या दोन जिल्ह्यांत गिअरबॉक्सला दोन गोष्टी जास्त भोवतात. साताऱ्याच्या बाजूला चढ आणि सांगलीच्या बाजूला पाणी. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट जेमतेम १२ किलोमीटरचा, पण तेवढ्यात गाडी ५०० मीटरांहून जास्त वर चढते. खंबाटकी, कुंभार्ली, आंबेनळी हेही याच भागातले घाट. सुट्टीच्या दिवशी पसरणीत रांग लागली की गाडी दहा-वीस फूट पुढे सरकते आणि थांबते. मॅन्युअल चालवणाऱ्याला हाफ क्लचवर गाडी धरली की वास येतो आणि चूक कळते. एएमटीत हाफ क्लच यंत्र करते. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून चढावर गाडी धरून ठेवली, तर एकच कोरडी क्लच प्लेट सतत घासत राहते. ती तापते, गुळगुळीत होते आणि स्लिप होऊ लागते. सुरुवातीच्या बहुतेक एएमटी गाड्यांत चढावर गाडी मागे सरकू न देणारी हिल होल्डची सोय नव्हती, त्यामुळे ही सवय सर्रास लागली. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तोच ताण तेलावर येतो. तेलाचे तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम या क्षेत्रात मानला जातो. घाटात वारंवार चालणाऱ्या गाडीसाठी तेल बदलण्याचे कोष्टक सपाटीच्या गाडीपेक्षा आधीचे असायला हवे, ते याच कारणाने.

सांगलीचा प्रश्न निराळा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. गावभाग, शामरावनगर अशा वस्त्यांत पाणी दिवसेंदिवस राहिले, आणि जुलै २०२१ मध्ये पूर पुन्हा आला. गाडी पाण्यात उभी राहिली की इंजिनाची चिंता सगळे करतात. पण गिअरबॉक्सलाही हवा खेळती ठेवणारी एक छोटी नळी असते आणि तिच्यातून पाणी आत शिरते. टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लच प्लेटांवरचे अस्तर कागदासारख्या द्रव्याचे आणि चिकटवलेले असते. पाण्याने ते सुटू लागते. गाडी त्या आठवड्यात चालते, सहा महिन्यांनी बसते. पुरातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या तालुक्यात विकल्या जातात, आणि नव्या मालकाला गिअरबॉक्स ‘वयामुळे’ गेला असे वाटते. जुनी गाडी घेताना विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागणे, सीटखालच्या रुळांवर गंज आणि गाळ आहे का ते पाहणे, ही खबरदारी या भागात इतर कुठल्याहीपेक्षा महत्त्वाची आहे.

निदान म्हणजे नेमके काय

निदान या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. त्यातल्या पहिल्या दोन पायऱ्या स्वस्त आहेत. पहिली पायरी तेलाची. ज्या गाडीत डिपस्टिक आहे तिथे तेलाचे दोन थेंब पांढऱ्या कापडावर घ्यावेत, नसेल तिथे ड्रेनमधून थोडे काढावे. बहुतेक टॉर्क कन्व्हर्टरचे नवे तेल लाल आणि पारदर्शक असते. तपकिरी असेल तर ते थकले आहे. काळे असून जळका वास येत असेल तर क्लच प्लेटा जळाल्या आहेत. कापड उन्हात तिरपे धरल्यावर चमचमणारे कण दिसले तर आत धातू झिजतो आहे. आणि तेल दुधाळ गुलाबी, फालुद्याच्या रंगाचे दिसले तर पाणी शिरले आहे: एक तर पुराचे, नाही तर रेडिएटरमधल्या फुटलेल्या कूलरचे. दुसरी पायरी स्कॅनरची. गाडीच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून साठलेले बिघाडाचे कोड वाचायचे. इथे मात्र सावध राहायला हवे. बाजारातले स्वस्त स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतात, गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचतीलच असे नाही. ‘स्कॅन केले, काही निघाले नाही’ या उत्तराचा अर्थ पुष्कळदा ‘आमच्या स्कॅनरला दिसले नाही’ एवढाच असतो. तिसरी पायरी तेलाचा दाब मोजण्याची, आणि त्यानंतरच गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ येते.

याच टप्प्यावर गाडी हलवायची कशी हा प्रश्न येतो. बंद गाडी दोरखंडाने ट्रॅक्टरला बांधून ओढत नेणे आपल्याकडे सवयीचे आहे. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी गाड्यांत इंजिन बंद असले की तेलाचा पंप फिरत नाही, आणि छोट्या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असल्यामुळे ओढताना आतले भाग तेलाविना फिरतात. एएमटी गाडी बिघडताना गिअरमध्येच अडकली असेल तर चाके फिरणारही नाहीत. पुढची चाके उचलणारी किंवा गाडी पूर्ण वर घेणारी टोइंग व्हॅन महाग वाटते, पण दुरुस्त होण्याजोगा गिअरबॉक्स दहा किलोमीटरच्या ओढण्यात निकामी होऊ शकतो.

चार वाटा

निदान झाल्यावर मालकासमोर चार वाटा उरतात. पहिली वाट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची. योग्य तेल, अस्सल भाग, क्लच बदलल्यावर लागणारे कॅलिब्रेशन आणि कामाची लेखी हमी या तिच्या जमेच्या बाजू. पण तिथे गिअरबॉक्सची आतली दुरुस्ती क्वचित होते, कल असेम्ब्ली बदलण्याकडे असतो, आणि जुन्या छोट्या गाडीत तो खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. कंपनीच देशातून निघाली असेल तर भागांची उपलब्धता हा वेगळा घोर. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केल्यापासून फिगो आणि इकोस्पोर्टच्या मालकांना तो आहेच.

दुसरी वाट ओव्हरहॉलची: गिअरबॉक्स खोलून फक्त झिजलेले भाग बदलायचे. पैशाच्या हिशेबाने ही वाट बऱ्याचदा सर्वांत शहाणी, पण कारागिरावर सर्वाधिक अवलंबून. एएमटीचे यांत्रिक काम सातारा, कराड, सांगली, मिरज इथे होऊ शकते. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीसाठी मात्र बहुतेकांना पुण्या-मुंबईचा रस्ता धरावा लागतो. तिसरी वाट काढीव गिअरबॉक्सची. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारासारख्या ठिकाणी अपघातग्रस्त गाडीतून काढलेला गिअरबॉक्स निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. पण तो किती चालला, कोणत्या घाटात चालला, कोणत्या पुरात भिजला हे कळण्याची सोय नसते. बिलावर त्याचा नंबर आणि चालवून पाहण्याची मुदत लिहून घेतल्याशिवाय हा व्यवहार म्हणजे सोडत आहे.

काही गॅरेज एएमटी किंवा ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवून देण्याचा उपाय सुचवतात. वरवर तो स्वस्त दिसतो. पण क्लचचा पेडल, केबल, वायरिंग, बऱ्याचदा इंजिनाचा कंट्रोल युनिटही बदलावा लागतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात त्याचा कडक अर्थ लावला. नोंदणीत आवृत्तीचे नाव असते, त्यामुळे विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. शिवाय डाव्या पायाने अधू असलेल्या किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या मालकाची गाडी मॅन्युअल केली तर ती त्याच्या कामाचीच राहत नाही. म्हणून या उपायाला स्वतंत्र वाट म्हणण्याऐवजी शेवटचा पर्याय म्हणणे रास्त. चौथी वाट गाडी विकण्याची किंवा मोडीत काढण्याची.

विकण्याच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद असा: ‘दोन लाखांच्या गाडीवर सत्तर हजार कशाला घालायचे?’ युक्तिवाद ठसठशीत आहे, पण त्यात तुलना चुकीच्या आकड्याशी होते. समजा, चालू स्थितीत गाडी दोन लाखांना जाते आणि बिघडलेल्या स्थितीत ऐंशी हजारांना. मग दुरुस्तीच्या सत्तर हजारांच्या समोर दोन लाख ठेवायचे नाहीत; मूल्यातला एक लाख वीस हजारांचा फरक ठेवायचा. दुसरी जुनी गाडी घ्यायची तर तिच्या गिअरबॉक्सची खात्री कोण देणार, हाही प्रश्न त्यात धरायला हवा. यावर प्रतिआक्षेप असा की जुन्या गाडीत आज गिअरबॉक्स, उद्या एसी, परवा सस्पेन्शन अशी रांग लागते. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच दुरुस्तीआधी बाकी गाडी तपासून घेणे आणि नोंदणीची उरलेली वर्षे मोजणे गरजेचे ठरते. १५ वर्षांनंतर खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले. चौदाव्या वर्षी केलेला मोठा खर्च आणि नवव्या वर्षी केलेला तोच खर्च यांचा न्याय एका मापाने होत नाही.

तेलाचा वाद

गॅरेजवाल्यांमध्ये सर्वांत जुना वाद तेल बदलण्याचा. एक पक्ष म्हणतो, जुन्या गिअरबॉक्सचे तेल बदलू नका. बदलले की तो बसतो. दुसरा म्हणतो, न बदलल्यामुळेच बसतो. दोघांच्याही अनुभवात तथ्य आहे. क्लचचे अस्तर झिजून तेलात मिसळलेले असते तेव्हा तेच कण थोडीफार पकड देत असतात. दाबाने सगळे तेल एकदम धुऊन काढले की ती पकड जाते आणि आधीच संपलेला क्लच उघडा पडतो. म्हणजे तेल बदलल्याने गिअरबॉक्स मरत नाही, मेलेला असल्याचे कळते. यातून मध्यममार्ग असा निघाला आहे: तेल फक्त थकलेले असेल तर थोडे काढून थोडे भरत, दोन-तीन वेळा बदलावे; जळके असेल तर तेलावर पैसे घालू नयेत, ओव्हरहॉलचा विचार करावा. काही कंपन्या तेल ‘आयुष्यभराचे’ आहे म्हणतात. त्या आयुष्याची व्याख्या कंपनी आणि तिसरा मालक सारखी करत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. एका मुद्द्यावर मात्र कुणाचे दुमत नाही. तेल पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच हवे. सीव्हीटीत साधे ऑटोमॅटिकचे तेल घातले तर पट्टा घसरतो आणि नुकसान भरून येत नाही.

हात आहेत, चावी नाही

या भागातले मिस्त्री ऑटोमॅटिक शिकू शकत नाहीत, असा एक समज आहे. इतिहास त्याला साथ देत नाही. १९१० मध्ये इथे किर्लोस्करवाडी उभी राहिली, १९२२ मध्ये साताऱ्यात कूपर कारखाना सुरू झाला. सांगलीला १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कराडला १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. लोखंडी नांगर, पंप आणि डिझेल इंजिने घडवणाऱ्या भागात हातांची उणीव नाही. उणीव आहे ती माहितीची: कोडचा अर्थ सांगणारी पुस्तिका, कॅलिब्रेशन करणारे सॉफ्टवेअर, सुटे भाग स्वतंत्र गॅरेजला विकण्याची मुभा.

या प्रश्नाची दखल देशपातळीवर घेतली गेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारातल्या गॅरेजना मिळू न देणे हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. कंपन्यांचा आक्षेप असा की अर्धवट शिकलेल्या हातात सॉफ्टवेअर दिले तर सुरक्षितता आणि चोरीविरोधी यंत्रणा धोक्यात येते. आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. पण कोड वाचणे आणि क्लच कॅलिब्रेट करणे यांचा चोरीविरोधी यंत्रणेशी संबंध येत नाही, आणि प्रशिक्षित गॅरेजना मर्यादित परवाना देणे हा मधला मार्ग उपलब्ध आहे.

काय सुटलेले नाही

काही प्रश्न अजून खुले आहेत. ओव्हरहॉल केलेल्या गिअरबॉक्सला किती महिन्यांची हमी द्यावी याचा सर्वमान्य दंडक नाही. प्रत्येक गॅरेज आपापले ठरवते. पुरात भिजलेल्या गाडीची नोंद पुढच्या खरेदीदाराला आपोआप दिसेल अशी व्यवस्था नाही. विमा कंपन्या पाणी शिरल्यानंतर गाडी चालू केल्याने झालेले नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा नाकारतात, आणि इंजिन संरक्षणाच्या जोडपॉलिसीत गिअरबॉक्स धरला आहे की नाही हे कंपनीनुसार बदलते. या दोन जिल्ह्यांतल्या आयटीआयत शिकणाऱ्या मुलांच्या हाती गिअरबॉक्सचे कोड वाचणारा स्कॅनर पडणार की नाही, यावर पुढच्या दहा वर्षांचे उत्तर अवलंबून आहे. मालकाच्या हातात एक मार्ग मात्र आहे. दुरुस्तीत कसूर झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी पक्के बिल, बदललेल्या भागांची यादी आणि काढलेले जुने भाग हाती असावे लागतात.

सगळे मुद्दे एकत्र ठेवले तर निष्कर्ष साधा निघतो. दुरुस्त करावी की विकावी हा दुसरा प्रश्न आहे. काय बिघडले हा पहिला. म्हणून गाडी उचलून न्या, तेल पाहा, गिअरबॉक्सपर्यंत पोचणाऱ्या स्कॅनरने कोड वाचून घ्या, आणि लेखी निदान हातात येईपर्यंत ‘असेम्ब्ली’ला होकारही देऊ नका आणि गाडीचा सौदाही करू नका.